खोकल्याची पुडी

"अमृतांजन पुलापाशी जरा वेळ लागेल मॅडम, कंटेनर बंद पडलाय," गाडीवाला म्हणाला. मी मागच्या सीटवर शाल ओढून घेतली आणि काचेतून पुढची तांबड्या दिव्यांची रांग बघत बसले. खंडाळ्याचा घाट, रात्रीचे नऊ, मुंबईहून पहाटेचं विमान. पूल कुठे होता पण? एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्त्यावर चिटपाखरू नाही ही संधी साधून सुरुंग लावून तो पाडला. पाच वर्षं उलटली. तरी गाडीवाल्यांच्या तोंडी तो अजून उभा आहे आणि गाड्या अजून त्याच्यापाशीच अडकतात.

बरं, त्याचं नाव तरी त्याचं कुठे होतं? इंग्रजांच्या काळातला तो दगडी पूल. त्याच्यापाशी अमृतांजनची जाहिरात असायची, म्हणून लोकांनी त्याचं बारसं केलं. हा पिवळा बाम काशीनाथुनी नागेश्वरराव नावाच्या तेलुगू गृहस्थांनी १८९३ मध्ये आपल्या मुंबईत काढला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या पैशावर पुढे तेलुगूत 'आंध्र पत्रिका' चालवली. म्हणजे डोकेदुखीच्या पैशातून वर्तमानपत्र. आता बहुधा उलटं होतं.

हे सगळं मनात चाललेलं असताना मला पहिली शिंक आली. मग दुसरी. तिसरीला गाडीवाल्याने आरशातून पाहिलं आणि आपल्या बाजूची काच खाली केली. घशात ती ओळखीची कुसळं टोचायला लागली होती. लेकीकडे निघाले होते, श्टुटगार्टला, दहा महिन्यांच्या नातीला पहिल्यांदा हातात घ्यायला. सर्दीला दुसरा मुहूर्त मिळाला नाही.

पायाशी आईने दिलेली पिशवी होती. आई चौऱ्याऐंशीची, वाईला असते. कुणीही प्रवासाला निघालं की तिची पिशवी तयार असते, मग तो प्रवास साताऱ्याचा असो की जर्मनीचा. आत ज्येष्ठमधाच्या चार काड्या, कंकोळ-लवंग-खडीसाखरेची डबी, फडक्यात बांधलेली ओव्याची पुरचुंडी, काढ्याची बाटली आणि वर्तमानपत्रात बांधलेली सितोपलादीची पुडी. एकाही वस्तूवर काही लिहिलेलं नाही. आईच्या पुड्या गाठींवरून ओळखायच्या. दोऱ्याला दोन गाठी म्हणजे खोकला, एक गाठ म्हणजे पोट. लहानपणी मी एकदा उलटं केलं होतं आणि खोकल्यावर हिंग्वाष्टक खाल्लं होतं. खोकला थांबला. धक्क्याने असावा.

सितोपलादी घरी होताना ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलदोडा २, दालचिनी १. आई हे आकडे कधी सांगत नाही. ती म्हणते, "दालचिनीपासून धर आणि दुप्पट करत वर जा." एवढं पाठ असलं की झालं. खलबत्त्यात कुटायचं, मग जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा पातेल्याच्या तोंडाला ताणून बांधायचा आणि त्याच्यावर चूर्ण घालून बोटांनी हलकं हलकं टिचक्या मारत बसायचं. वस्त्रगाळ. खाली पडतं ते पिठीसारखं, फुंकर मारली तर उडून जाईल असं. पिंपळी कुटताना घरभर जी धूळ उठते तिने सगळं घर खोकतं, शेजारच्या काकू दारातून विचारतात, "काय, खोकल्याचं औषध चाललंय वाटतं!"

खरी मेख वंशलोचनात आहे. बांबूच्या पेरात साठून घट्ट झालेला तो पदार्थ, पांढरे निळसर खडे, महाग. मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात मागितलं की पुष्कळदा पुढ्यात तवकीर येते. रंग तसाच, भाव वंशलोचनाचा. आई दुकानदाराशी वाद घालत नाही. खडा उचलते, जिभेच्या टोकाला लावते आणि थांबते. वंशलोचन जिभेला चिकटतं, ओढून काढावं लागतं. तवकीर विरघळते. मग ती खडा परत डब्यात टाकते आणि म्हणते, "हे खिरीला द्या हो कुणाला तरी." दुकानदार तिला लांबून येताना पाहूनच आतला डबा काढायचा.

मी बँकेत बत्तीस वर्षं काढली. त्यातली निम्मी चेकवरच्या सह्या ताडून बघण्यात गेली. नाव तेच, खातं तेच, पण सहीतला 'र' जरा जास्त वळलेला. आईची जीभ आणि माझे डोळे एकाच कामाचे, हे मला फार उशिरा कळलं.

आमचा लहानपणचा प्रवास म्हणजे एसटी. वाईहून पुण्याला जाताना खंबाटकीचा घाट लागायचा, डिझेलचा वास, पुढच्या सीटच्या दांड्यावर टेकवलेलं कपाळ. गाडीत कुणी खोकलं की आईचा हात आपोआप पिशवीत जायचा. कंडक्टर असो, कडेवर पोर घेतलेली बाई असो, लवंग आणि खडीसाखरेचा खडा तळहातावर. "दाढेखाली धर, चावू नकोस." कोण, कुठले, काही विचारपूस नाही. लोकही घ्यायचे. अनोळखी बाईने दिलेली वस्तू तोंडात टाकायला तेव्हा कुणी कचरत नसे. २०२० नंतर मी एकदा स्वारगेटहून येताना खोकले तर शेजारची मुलगी उठून उभी राहिली आणि वाईपर्यंत उभीच आली. तिचं चुकलं असं म्हणवत नाही. माझ्या पर्समध्ये लवंग होती, पण ती कुणाला देणार?

विमानतळावर काढा गेला. हातातल्या सामानात शंभर मिलीच्या वरची बाटली चालत नाही हे मला ठाऊक होतं, पण आईला कोण सांगणार. सुरक्षा तपासणीतली बाई म्हणाली, "फेंकना पड़ेगा." तुळस, आलं, गवती चहा, मिरी घालून पहाटे पाचला उठून उकळलेला काढा माझ्याने फेकवेना. तिथेच उभी राहून अख्खी बाटली प्यायले. मागची रांग बघत होती. मग तिने पुडी उचलली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पांढरट पूड, ना नाव ना गाव, विमानतळावर. माझ्या पोटात काढ्याबरोबर गोळाही आला. तिने गाठ सोडली, पुडी नाकाजवळ नेली, पिंपळीने तिलाही शिंक आली. "खाँसी का है ना? हमारी सास भी बनाती है," म्हणाली आणि दोन गाठी मारून पुडी परत दिली. कापूर मात्र मी घरीच ठेवला होता. तो पेट घेतो म्हणून विमानात चालत नाही, आणि ओव्याच्या पुरचुंडीत आई कापूर घालते हे मला माहीत होतं, म्हणून निघताना तिच्या नकळत वेचून काढला.

सर्दी घेऊन विमानात बसू नये. हे मी आता ठामपणे सांगू शकते. वर चढताना काही वाटत नाही. खाली उतरताना कळतं. विमानातली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरावर असते तेवढीच दाट ठेवलेली असते, आणि उतरताना बाहेरचा दाब वाढत जातो. कानाच्या आतून घशापर्यंत एक बारीक नळी असते, ती गिळताना, जांभई देताना उघडते आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा करते. सर्दीने ती सुजून बंद झालेली असते. मग पडदा आत ओढला जातो. फ्रँकफर्टच्या वर घिरट्या घालताना डाव्या कानात कुणी सुई हळूहळू आत सारत असावं तसं झालं. मी ज्येष्ठमधाची काडी चघळत होते, कारण चघळलं की लाळ येते आणि लाळ आली की गिळावं लागतं. दोन रांगा पुढे एक तान्हं बाळ बेंबीच्या देठापासून ओरडत होतं. बाकीचे लोक वैतागले होते. मला त्याचा हेवा वाटला. ओरडण्याने त्याचे कान तरी उघडत होते.

तिथून गाडीने सव्वा तास. श्टुटगार्टच्या फलाटावर लेक उभी होती, छातीशी बांधलेलं गाठोडं, त्यातून लोकरीची टोपी आणि दोन डोळे. मी हात पुढे केले आणि शिंकले.

"आई, तू मास्क लाव. आणि दोन-तीन दिवस जरा लांबूनच."

साडेसहा हजार किलोमीटर आले आणि नातीपासून सहा फुटांवर बसले. ती माझ्याकडे बघून हसायची, मी मास्कच्या आत हसायची, ते तिला दिसायचं नाही. चूर्ण मधात कालवून चाटत होते, दिवसातून तीनदा. उपयोग होत होता का? माझे वडील म्हणायचे, सर्दी औषध घेतलं तर सात दिवसांत जाते आणि नाही घेतलं तर आठवडाभर राहते. पण चाटण घेतल्यावर घसा पाच मिनिटं ओला राहायचा आणि त्या पाच मिनिटांत मी वाईला असायची, एवढं खरं.

रविवारी खोकला छातीत उतरला. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, औषधाचीसुद्धा. पाळीपाळीने एखादं उघडं असतं, त्याला नोटडीन्स्ट म्हणतात. जावयांनी फोनवर शोधलं आणि आम्ही चालत गेलो. दाराला लाल रंगाचा मोठा 'आ', म्हणजे आपोथेके. दार बंदच. बेल वाजवायची, मग दारातली छोटी खिडकी उघडते. आत पांढऱ्या कोटातल्या बाई. त्यांनी मला खोकून दाखवायला सांगितलं. सुकं की ओलं, ताप आहे का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, रात्री झोप लागते का. आपल्याकडच्या काउंटरवर "खोकल्याचं द्या" म्हटलं की तीन सेकंदांत बाटली येते, इथे सात मिनिटं चौकशी झाली. रविवारचे अडीच युरो जास्त. मग त्यांनी एक सिरप दिलं आणि सांगितलं की भरपूर पाणी आणि चहा प्या, हेही जायचं तेव्हाच जाईल. माझ्या वडिलांची जर्मन बहीण.

घरी येऊन सवयीने बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायला घेतलं. अँब्रॉक्सॉल. हे कुठेतरी वाचलेलं होतं. लेक बायोकेमिस्ट्री शिकलेली, ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, आडुळसा तो."

"कसला आडुळसा? जर्मन आहे हे."

मग तिने सांगितलं ते असं. आडुळशाच्या पानात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. त्याचं रसायन पुढ्यात ठेवून शास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध घडवलं, ते १९६० च्या दशकात बाजारात आलं. ब्रोमहेक्सिन पोटात गेलं की शरीर त्याचं जे करतं ते अँब्रॉक्सॉल. म्हणजे आडुळशाची नातच म्हणायची. वाईच्या घराच्या मागे कुंपणाला आडुळसा होता, शेळ्यासुद्धा तोंड लावत नसत इतका कडू. आई त्याची पिकलेली पानं वाफवून रस काढायची आणि आम्ही माळ्यावर लपायचो. त्या कुंपणाने इतकं लांब येऊन, गोड होऊन, नाव बदलून मला खिडकीतून गाठलं होतं.

दुसऱ्या दिवशी लेकीने खोकल्याचा चहा केला. पुडक्यावर हिरव्या पानांचं चित्र, नाव थ्युमियान, आपले पिझ्झावाले ज्याला थाइम म्हणतात ते. उकळतं पाणी पडलं, वाफ वर आली आणि मी पुरचुंडी नाकाला लावली. मग पेला. मग पुरचुंडी. डाव्या नाकपुडीतून थोडा वास येत होता तेवढ्यावर मी पैज लावायला तयार होते. ओवाच! लेक हसली. दोन्हींत थायमॉल असतं, वास त्याचाच. आपण ज्याला ओव्याचं फूल म्हणतो तेही हेच, फूल कसलं, पांढरे स्फटिक. आईच्या कपाटात एका बाटलीत ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर एकत्र ठेवलेलं असायचं. तिन्ही कोरडे खडे. एकत्र टाकले की थोड्या वेळात आपोआप त्यांचं पाणी होतं, ना आग ना पाण्याचा थेंब. अमृतधारा. लहानपणी मी ते वितळणं बघायला बाटली धरून बसायची.

त्या संध्याकाळी मी पर्समधून विक्सचा इनहेलर काढून ओढला तर जावई म्हणाले, "आई, तो दाखवा जरा." ते आत गेले आणि आपला घेऊन आले. मागे ऑफिसच्या कामाने अमेरिकेला गेले होते तेव्हा तिथे घेतलेला, अजून तसाच पडलेला. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवले. नाव एक. आकार जवळपास एक, ती बोटाएवढी पांढरी कांडी. जावयांनी फोनचा भिंगासारखा उपयोग केला. माझ्यावर कापूर आणि मेंथॉल. त्यांच्यावर लेव्हमेटॅम्फेटामिन.

मेंथॉलची गंमत अशी की ते नाक उघडत नाही. नाकातल्या ज्या नसांना थंडी कळते त्यांना ते फसवतं, हवा गार लागते आणि आपल्याला वाटतं की मोकळं झालं. सूज होती तेवढीच असते. दुसरी कांडी मात्र खरोखर रक्तवाहिन्या आक्रसवून नाक मोकळं करते. तिच्यातल्या द्रव्याचं नाव मेथॅम्फेटामिन या नशेच्या द्रव्याशी जुळतं ते उगाच नाही. रेणू तोच, फक्त आरशातला, उजव्या हाताचा डावा. डावा नाकावर काम करतो, डोक्यावर फारसा चढत नाही.

"यापायी एका माणसाचं ऑलिम्पिक पदक गेलं," जावई म्हणाले. त्यांना इथे आल्यापासून बर्फावर घसरण्याचं, म्हणजे स्कीइंगचं, वेड लागलंय.

अ‍ॅलन बॅक्स्टर, स्कॉटलंडचा. २००२ च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला गेला होता. २३ फेब्रुवारीला स्लॅलममध्ये, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरायच्या स्कीइंगच्या शर्यतीत, त्याला कांस्यपदक मिळालं. ब्रिटनला त्याआधी स्कीइंगमध्ये ऑलिम्पिक पदक कधीच मिळालेलं नव्हतं. नंतर चाचणीत मेथॅम्फेटामिनचा अंश निघाला. त्याचं नाक चोंदायचं आणि घरी तो विक्सचा इनहेलर वापरायचा. परक्या गावात नाक चोंदलं, दुकानात गेला, ओळखीचं नाव दिसलं, घेतला. ब्रिटनमधल्या कांडीत ते द्रव्य नव्हतं, अमेरिकेतल्या कांडीत होतं. मार्चमध्ये पदक काढून घेतलं, ते चौथ्या आलेल्या ऑस्ट्रियाच्या खेळाडूला मिळालं. बॅक्स्टर क्रीडा लवादाकडे गेला. लवादाने ऑक्टोबरमध्ये निकाल दिला: माणूस प्रामाणिक आहे, फायदा घ्यायचा त्याचा हेतू नव्हता. पण नियम तो नियम, डावा उजवा भेद नाही, पदक परत मिळणार नाही.

मला त्या शेवटच्या भागाने रात्री झोप लागली नाही. प्रामाणिक आहेस असं लिहून देतात आणि पदक देत नाहीत. बँकेत असंच एक प्रकरण माझ्या टेबलावरून गेलं होतं, पण ते इथे नको. मी त्या माणसाला दुकानात उभा बघत होते. परदेशी मांडणीत शंभर अनोळखी खोकी आणि मध्ये एक घरचं नाव. हात तिकडेच जाणार. माझाही गेला असता. घरचं नाव दिसलं की माणूस मागची बाजू वाचतो का? विक्सच्या आपल्याकडच्या डबीवर आयुर्वेदिक औषध असं छापलेलं असतं, अमेरिकेत हे सांगितलं तर हसतील. मी इतकी वर्षं ती डबी वापरतेय, ते मला सह्या ताडणाऱ्या बाईला रिटायर झाल्यावर दिसलं.

सकाळी आईला फोनवर ही सगळी हकिकत सांगितली. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बिचारा. बरोबर कुणी मोठं माणूस नव्हतं का?"

मास्क लावूनही व्हायचं ते झालं. चौथ्या दिवशी बाळाचं नाक वाहायला लागलं. माझ्यामुळे, असं कुणी म्हणालं नाही, आणि तेच जास्त लागलं. रात्री ती दूध पिता पिता सोडायची, श्वास घ्यायची, रडायची, पुन्हा ओढायची. बाहेर नोव्हेंबरची चार अंश थंडी आणि लेक सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या सताड उघडायची. दहा मिनिटं. इथे सगळे उघडतात, त्याला शब्दही आहे, लुफ्टेन. मी म्हटलं, "सर्दी झालेल्या पोराच्या खोलीत वारा?" ती म्हणाली, "हवा बदलायची असते आई." आमच्या घरी खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबायचे.

मग मी पुडी काढली. चिमूटभर, फक्त चिमूटभर, मधात कालवून बोटाने टाळूला. लेकीलाही बाळाच्या पणजीने असंच चाटवलं होतं.

"नाही."

"अगं, आजीचं आहे."

"आजीचं आहे म्हणूनच विचारते, काय आहे त्यात? लिहिलंय कुठे? आणि मध तर एक वर्षाच्या आत द्यायचाच नाही, त्यातल्या जंतूंनी तान्ह्यांना विषबाधा होते. विक्ससुद्धा दोन वर्षांच्या आत नाही."

"तू त्यावरच वाढलीस."

ती काही बोलली नाही. तिने फोन माझ्यापुढे धरला. बातमी जुनी नव्हती, महिनाभरापूर्वीची, मीही वाचलेली. छिंदवाड्याची मुलं. साधा सर्दी-खोकला, आईबापांनी डॉक्टरांनी लिहून दिलेलं सिरप पाजलं आणि मुलांची लघवी बंद झाली. पुष्कळांना नागपूरच्या दवाखान्यांत आणलं. वीसहून अधिक गेली. सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल निघालं, ४८.६ टक्के. कारखान्यात वापरायचं द्रावक, चवीला गोड, मूत्रपिंड जाळणारं. बाटलीवर नाव होतं, कंपनी होती, तारीख होती, किंमत होती. सगळं लिहिलेलं होतं.

मला म्हणायचं होतं की बघ, लेबल असून काय झालं, माझ्या आईने प्रत्येक खडा जिभेला लावून घेतलाय. पण लेकीच्या हातात तो फोन थरथरत होता आणि तिच्या मांडीवर बाळ श्वासासाठी तोंड उघडून झोपलं होतं. मी पुडीला दोन गाठी मारल्या आणि आत ठेवली.

बालरोगतज्ज्ञांनी मिठाच्या पाण्याचे थेंब दिले आणि नाक साफ करायची नळी. खोकल्याचं औषध नाही. लेकीने विचारलंसुद्धा नाही, तिला अपेक्षा नव्हती. मीच जिन्यात म्हटलं, "एवढे मोठे डॉक्टर आणि मिठाचं पाणी?"

त्या रात्री समोरच्या घरातल्या आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत. भिंतीतून रडणं ऐकू येत होतं म्हणे. त्यांच्या हातात एक सुती मोजा होता, तोंडाला दोऱ्याची गाठ. मी गाठीकडे बघत राहिले. त्या बोलल्या ते स्थानिक बोलीत, लेकीलाही अर्धं कळलं. आत चिरलेला कांदा होता. बाळाच्या पाळण्यापासून हातभर अंतरावर टांगायचा, तोंडाजवळ नाही. त्यांच्या आईने टांगला होता, त्यांनी मुलांना टांगला. कान दुखला तर हीच पुरचुंडी कोमट करून कानाला.

लेक माझ्याकडे बघायला लागली. पोटात जाणार नाही, अंगाला लागणार नाही, आत काय आहे ते अख्ख्या घराला वासावरून कळतंय. "बरं," ती म्हणाली.

मी पिशवीतून माझी ओव्याची पुरचुंडी आणून त्या आजींच्या हातावर ठेवली. त्यांनी हुंगली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "थ्युमियान." मी मान हलवली. दुरुस्त करावंसं वाटलं नाही. रात्रभर घराला कांदाभज्यांच्या आदल्या क्षणाचा वास येत होता. बाळ तीनदा उठलं. कांद्याने काही झालं की मिठाच्या पाण्याने की सातवा दिवस आला म्हणून, कोण जाणे. आठव्या दिवशी तिला मी हातात घेतलं. तिने आधी माझं तोंड नीट न्याहाळलं, मास्कखालचं अर्धं तिने पाहिलेलंच नव्हतं. मग माझ्या चष्म्याला हात घातला.

परत आल्यावर वाईला गेले तेव्हा थ्युमियानचं पुडकं घेऊन गेले. आईने हुंगलं. "ओवा आहे हा," म्हणाली, "पण जरा दमट ठेवलाय." मग मी तिला मधाचं सांगितलं, बाळाला दिलं नाही ते सांगितलं, लेक काय म्हणाली तेही सांगितलं. वाटलं, चिडेल. ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार वाजलं. बराच वेळ काही बोलली नाही.

फेब्रुवारीत श्टुटगार्टला सामान पाठवायचं होतं. झबली, मेतकूट, मेथीचे लाडू. आईने पुडी दिली. वर्तमानपत्र नव्हतं, पांढरा कागद होता आणि बाहेरून तिच्या शाळामास्तरणीच्या अक्षरात, शाई थोडी पसरलेली:

"सितोपलादी. दालचिनी १, वेलदोडे २, पिंपळी ४, वंशलोचन ८ (तवकीर नव्हे, मी पाहिले आहे), खडीसाखर १६. माघ शुद्ध पंचमीस कुटले. मोठ्यांसाठी. बाळाला नको."

दोरा मात्र होता. दोन गाठी.